तिसरी खिंड

माणसाची खरी ओळख त्याच्या मागे राहिलेल्या वस्तूंवरून होते, असं थोर लोक सांगून गेले आहेत. थोर लोकांच्या मागे ग्रंथ, तलवारी, निदान एखादी काठी तरी राहत असावी. थोरल्याच्या मागे अकरा स्क्रू ड्रायव्हर, ग्रीसचे तीन डबे, चार शर्ट आणि एक फ्रिज एवढंच राहिलं होतं. त्यांतला बोलत होता तो फक्त फ्रिज, आणि तोही मालक जिवंत असल्यापासूनच घुरघुरत होता.

धाकटा दोन खोल्यांच्या मधल्या दारात उभा राहून सुरुवात कुठून करावी ह्याचा विचार करत होता. भावंडं दोनच. दोघांना रीतसर नावं होती, पण ती शाळेच्या दाखल्यापुरती. बाकी जन्मभर एक थोरला आणि एक धाकटा. आता थोरलाच नाही म्हटल्यावर धाकटा नेमका कोणापेक्षा धाकटा, असा प्रश्न पडण्यासारखा होता. पण घरमालकीणबाईंनी महिनाअखेरची मुदत दिली होती आणि एक तारखेला त्यांची भाची कपाटासकट राहायला येणार होती. बाई वाईट नव्हत्या. थोरला सकाळी खुर्चीत निपचित दिसला तेव्हा धावाधाव त्यांनीच केली, फोनही त्यांनीच केला. पण कपाट मोठं होतं.

थोरला चौतीस वर्षं लिफ्टदुरुस्तीच्या कामात होता. स्वतः मात्र आयुष्यभर जिने चढला. लिफ्टवर त्याचा विश्वास नव्हता असं नाही. त्याला लिफ्ट माहीत होती, इतकंच. लग्न का केलं नाहीस म्हणून कोणी विचारलं तर 'राहून गेलं' म्हणायचा, बसमध्ये छत्री राहून जावी तसं. धाकटा त्याला दर रविवारी सकाळी फोन करायचा. पाणी येतंय का, येतंय. ब्लडप्रेशर, ठीक. घरचे, ठीक. चार मिनिटांत दोन्हीकडचं सगळं ठीक होऊन फोन बंद. एवढ्यावर आपल्याला आपला भाऊ पुरता ठाऊक आहे, अशी धाकट्याची समजूत होती.

भाऊ गेला, हे वाक्य धाकट्याने अजून एकदाही उच्चारलं नव्हतं. तशी वेळच आली नाही. घरमालकीणबाईंनी फोन केला तो त्याच्या बायकोने उचलला. नातेवाइकांना बायकोने कळवलं, त्याच्या साहेबांनाही तिनेच. पुढे जो भेटे तो 'कळलं आम्हाला' म्हणे, आणि धाकटा 'हो' म्हणे. नऊ दिवस एका 'हो'वर निभावले होते. त्याला ते बरं वाटत होतं. बोलून टाकलं की गोष्ट पक्की होते, आणि न बोललेली गोष्ट मेणात असते, असा त्याचा धंद्यातला अनुभव होता. तो दातांच्या कवळ्या बनवायचा. डॉक्टर जबड्याचं माप पाठवत, धाकटा मेणात एकेक दात बसवून पाही, आणि मेण आहे तोवर दात हवा तसा हलवता येतो. शहरातली अर्धीअधिक म्हातारी माणसं त्याला केवळ जबड्यावरून माहीत होती. तोंडओळख म्हणतात ती एवढीच.

मागच्या खोलीत टेबलावर जुन्या चादरीखाली कॉम्प्युटर निघाला. थोरल्याकडे कॉम्प्युटर होता हे धाकट्याला माहीत होतं. वीजबिल भरायला असेल असं त्याने ठरवून टाकलं होतं. चालू केल्यावर पासवर्ड वगैरे काही विचारलं नाही. पडद्यावर एकच चित्र होतं, बर्फाच्या डोंगराचं, आणि खाली नाव: 'सात खिंडींचं राज्य'. धाकट्याने त्यावर माउस नेऊन बोट आपटलं. तुताऱ्या वाजल्या, आणि षटकोनी घरांचा एक प्रचंड नकाशा उघडला. डोंगर, नद्या, किल्ले, दाढीवाले बुटके, पंख असलेल्या जादूगारिणी, पुलावर बसलेला एक राक्षस आणि एका शिखरावर झोपलेला ड्रॅगन. वर कोपऱ्यात लिहिलं होतं: डाव ४१२. तुमची पाळी.

त्रेसष्ट वर्षांचा माणूस, गुडघ्यापर्यंत मोजे घालून झोपणारा, बातम्या सोडून काही न पाहणारा, आणि त्याच्याकडे ड्रॅगन. धाकटा खुर्चीत बसला. ही तीच खुर्ची आहे हे त्याच्या नंतर लक्षात आलं, पण तोवर बसून झालं होतं.

बाजूला लिफ्टच्या देखभालीची छापील नोंदवही होती, कंपनीने कधीतरी रद्दीत काढलेल्या गठ्ठ्यातली. रकाने तेच: तारीख, तक्रार, केलेलं काम, सही. थोरल्याने त्यात खेळाचे डाव लिहिले होते. 'तक्रार: राक्षस पुलावर अडकला. काम: मागे घेतला. सही.' 'तक्रार: साहेब झोपले. काम: वाट पाहणे. सही.' साहेब म्हणजे ड्रॅगन. तो दोन घरं उडायचा आणि मग तीन डाव झोपायचा. प्रत्येक नोंदीखाली थोरल्याची पूर्ण सही होती, तपासायला कोणी येणार नव्हतं तरी. अशा पाच वह्या होत्या आणि पहिल्या वहीवर तेरा वर्षांपूर्वीची तारीख होती.

खेळ समजायला धाकट्याला तासभर लागला. हा घाईचा खेळ नव्हता. आपण आपली माणसं हलवायची, डाव संपला म्हणून सांगायचं, मग त्या डावाची फाइल मेलने समोरच्याला पाठवायची. समोरचा सवडीने ती उघडणार, आपली माणसं हलवणार, परत पाठवणार. एकेका डावाला दहा-बारा दिवस जात. समोरच्याचं खेळातलं नाव होतं 'घुबड'. थोरल्याचं नाव 'तळमजला'. मेलमध्ये दोघांची ओळभर भाषा: 'तुझी पाळी.' कधी त्यापुढे 'इकडे ऊन.' तेरा वर्षं.

शेवटचा मेल परवाचा होता. थोरला गेल्यानंतर सातव्या दिवशीचा.

'तुझी पाळी. गुडघा कसा आहे?'

धाकट्याला गुडघ्याचं काही माहीत नव्हतं. शंभर वेळा फोनवर प्रेशर विचारलं, आणि दुखत होता गुडघा. तो घुबडाला ठाऊक, भावाला नाही.

त्याने उत्तर लिहायला घेतलं. 'माझा भाऊ' इथपर्यंत नीट लिहून झालं. मग तो त्या दोन शब्दांकडे बघत बसला. घुबडाला कोणी कळवलेलं नव्हतं, कळवणारही नव्हतं. बायकोने नाही, घरमालकीणबाईंनी नाही. सगळ्या जगात ही एकच जागा अशी राहिली होती जिथे थोरल्याची पाळी होती. पुढचा शब्द लिहिला की तीही गेली. धाकट्याने दोन्ही शब्द पुसले आणि लिहिलं, 'गुडघा बरा. डावाला जरा वेळ लागेल.' आणि पाठवून दिलं.

खोट्याला पाय नसतात म्हणतात. ह्या खोट्याला सहा गावं, चाळीस बुटके आणि एक ड्रॅगन होता.

फ्रिज घरमालकीणबाईंना दिला, शर्ट कोणाला तरी दिले, आणि कॉम्प्युटर धाकट्याने घरी आणून शिलाई मशिनच्या शेजारी मांडला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बायको मागे येऊन उभी राहिली.

"भाऊजी तेरा वर्षं हे करत होते?"

"हो."

"आणि आपल्याला वाटायचं, एकटे असतात बिचारे."

"एकटाच होता."

"कसले एकटे? केवढं खटलं होतं पदरी." तिने चष्मा लावून राक्षसाकडे पाहिलं. मग तो मेल वाचला, धाकट्याचं उत्तरही वाचलं, आणि मशिनवरचं शिवण बाजूला सारलं. तिचं म्हणणं सरळ होतं: एक ओळ लिहायची, समोरच्या माणसाला खरं काय ते कळवायचं. तोही कोणी म्हातारा असेल, वाट बघत असेल. धाकटा म्हणाला, एवढा डाव होऊ दे.

"मेल्यावर तरी माणसाला सुट्टी मिळते," ती म्हणाली. "तुम्ही त्यांना पुन्हा कामाला लावलंत."

एवढ्या डावाचे दोन झाले, दोनाचे तीन. धाकटा कामावरून आला की चहा घेऊन नकाशासमोर बसायचा. खेळाची माहिती इंटरनेटवर शोधली तर एकच पान सापडलं, आणि त्याखाली नऊ वर्षांपूर्वी कोणीतरी टाकलेला एकच अभिप्राय: 'छान आहे, पण सुरू होत नाही.' खेळ बनवणाऱ्याने नंतर फरशांचं दुकान काढलं होतं. तेव्हा नियम शिकायचे ते थोरल्याच्या वह्यांतूनच. पहिल्या वहीच्या सुरुवातीला त्याने ते क्रमाने उतरवून ठेवले होते, लिफ्टमध्ये अडकल्यास काय करावे ह्या थाटात. जादूगारिणीने उडावे. राक्षसाने पाण्यात उतरू नये. बुटके एकदा मोर्चा बांधून बसले की दहा डाव जागचे उठत नाहीत. कधीतरी कुठल्याशा कचेरीत खेटे घातलेल्या माणसाने हा खेळ बनवला होता, हे उघड होतं.

नियमांची पानं धाकट्याने पाठ केली आणि शेवटच्या काही नोंदी वाचल्या. मधल्या तेरा वर्षांच्या नोंदी वाचायच्या राहिल्या. खरं म्हणजे त्या त्याने ठेवून दिल्या होत्या. एकदा वाचून संपल्या की थोरल्याकडून नवं काही येणार नव्हतं.

आणि मग त्याला ती फट दिसली.

नकाशाच्या उत्तरेला घुबडाची फौज एका खोऱ्यात होती. खोऱ्याभोवती डोंगर, आणि डोंगरांत तीन खिंडी. पहिल्या आणि दुसऱ्या खिंडीत थोरल्याचे बुटके खांद्याला खांदा लावून बसलेले. तिसरी खिंड मोकळी, सताड. घुबडाची रसद, म्हणजे गावांतून येणारं धान्य, ह्याच खिंडीतून आत जायची. ती जागा अडवली की काम झालं, आणि अडवायला लागणारे बुटके तिथून दोन घरांवर रिकामे बसून होते. कधीपासून कोण जाणे.

धाकट्याची तीस वर्षं दातांमध्ये गेली होती. दोन दातांच्या मध्ये फट राहिली की डॉक्टर कवळी परत पाठवतो. त्याला रात्रीच्या जेवणात लक्ष लागेना. थोरल्याची नजर अलीकडे कमी झाली असणार, असं त्याने बायकोला सांगितलं. एवढी सोपी जागा सुटली त्याच्या हातून. लिफ्टवाल्याला काय, दार उघडं ठेवायची सवय. लहानपणापासून थोरल्याने केलेलं काम धाकट्याने कधी सुधारलं नव्हतं, थोरला कधी चुकलेलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने बुटके दोन घरं पुढे सरकवले आणि तिसऱ्या खिंडीत मोर्चा बांधला. फट बुजली. ओळ अशी देखणी दिसत होती की पॉलिश करावंसं वाटलं.

त्याने वहीत नोंद केली. 'डाव ४१५. तक्रार: तिसरी खिंड उघडी. काम: बंद केली.' सहीच्या रकान्यापाशी तो थांबला, आणि मग स्वतःचीच सही केली. त्याला वाटलं, दादाने पाहिलं असतं तर नुसतं 'हं' म्हणाला असता. त्याचं 'हं' म्हणजे मोठी गोष्ट होती.

घुबडाचं उत्तर एरवी दोन-तीन दिवसांत यायला लागलं होतं. ह्या खेपेला आठ दिवस लागले. मेलमध्ये 'तुझी पाळी' एवढंच होतं. ना ऊन, ना गुडघा. फाइल उघडली तर घुबडाच्या फौजेतली काही माणसं गळाली होती आणि जादूगारीण खिंडीच्या तोंडाशी येऊन उभी होती. तिला पंख होते. उडून डोंगर ओलांडून ती गावातून धान्य आणू शकत होती. ती चालत आली होती.

धाकट्याला हे विचित्र वाटलं. तेरा वर्षं खेळलेल्या माणसाला जादूगारिणीला पंख आहेत हे माहीत नसावं? पुढच्या तीन डावांतही ती चालतच बाजूला होत होती, आणि खिंडीपाशी परत येत होती, कुलूप पाहून परत परत दारापाशी येणाऱ्या माणसासारखी. फौज आणखी घटली. त्या रविवारी धाकट्याने चौथी वही उघडली, आणि घुबडाची जादूगारीण आधी कशी खेळायची ते शोधू लागला. डाव तीनशे अठरापाशी त्याचं बोट थांबलं.

'डाव ३१८. तक्रार: घुबडाची जादूगारीण पायी. काम: वाट पाहणे. सही.'

'डाव ३१९. तक्रार: पुन्हा पायी. राक्षस पाण्यात घातला, बुडाला. काम: चौकशी केली नाही. सही.'

'डाव ३२०. तक्रार: हे घुबड नाही. घुबड आजारी होतं, आता गेलं असावं. बायको खेळत असणार, ती शेजारी बसते असं त्याने एकदा लिहिलं होतं. ती सांगत नाही. काम: विचारायचं नाही. तिसरी खिंड मोकळी ठेवणे, बंद केली तर चार डावांत संपेल. सही.'

धाकट्याने पुढची पानं उलटली. डाव ३३०, खिंड मोकळी. डाव ३४५, खिंड मोकळी. दर दहा-पंधरा डावांनी, लिफ्टच्या दोराची तपासणी नोंदवावी तशी. मधेच एका ठिकाणी: 'तक्रार: कंटाळा. जिंकता येत नाही, हरताही येत नाही. काम: डाव पाठवला. नाही पाठवला तर तिकडे वाटेल, हाही गेला. सही.' शेवटच्या वर्षात 'कंटाळा' हा शब्द सहा वेळा होता. त्याच्या पुढे सहाही वेळा 'डाव पाठवला'.

तीन वर्षं थोरला एका बाईसाठी दार धरून उभा होता, आणि धाकट्याने येऊन ते लावून घेतलं होतं. वर सही केली होती.

तो उठून नळाखाली तोंड धुऊन आला आणि खिंड उघडायच्या मागे लागला. बुटक्यांना माघारी बोलावलं. खेळाने सांगितलं, मोर्चा बांधला आहे, सहा डाव बाकी. राक्षस आणला, म्हटलं आपल्याच बुटक्यांना हाकलून देऊ. खेळाने सांगितलं, आपल्या माणसांवर हल्ला करता येत नाही. हा नियम करणाऱ्याला भावंडं नसावीत. ड्रॅगनने उचलून नेलं असतं, पण साहेब झोपले होते.

बायको दारात उभी राहून हे सगळं बघत होती. धाकट्याने तिला वही दिली. तिने ते पान दोनदा वाचलं. ती काही तरी लागेलसं बोलेल असं त्याला वाटलं होतं, ती म्हणाली, "आता तरी लिहा."

"आणखी एक डाव. कदाचित तिला सुचेल. पंख आहेत तिला."

"अहो, तिला ते तीन वर्षांत सुचलं नाही."

डाव पाठवला. वाट पाहिली. लॅबमध्ये त्या आठवड्यात त्याच्या दोन कवळ्या परत आल्या, एकीत वरचा दात खालच्याला टेकत नव्हता. साहेबांनी बोलावून घेतलं, आणि 'कळलं आम्हाला, पण' अशी सुरुवात करून बरंच काही सांगितलं. धाकटा हो म्हणाला.

शुक्रवारी घुबडाचा मेल आला. तो एका ओळीचा नव्हता.

'माझ्याकडे आता एकच तुकडी उरली आहे, पुढच्या डावात तीही जाईल. म्हणून विचारते. तिसरी खिंड त्यांनी कधीच बंद केली नसती. मला मुद्दाम सोडून देत आहेत, हे मला पहिल्या वर्षीच कळलं होतं. तुम्ही कोण आहात? ते कधी गेले?'

म्हणजे तिने विचारून टाकलं होतं. जे वाक्य धाकटा सात आठवडे चुकवत होता, ते समोरून अर्धं लिहून आलं होतं, आणि उरलेलं अर्धं भरायचं होतं. बायको शेजारची खुर्ची ओढून बसली आणि पडद्याऐवजी खिडकीबाहेर बघत राहिली.

'माझा मोठा भाऊ गेला,' धाकट्याने लिहिलं. चार शब्द. ते पडद्यावर इतर कुठल्याही चार शब्दांसारखेच दिसत होते. मग वार लिहिला, वेळ लिहिली, खुर्ची लिहिली. गुडघ्याचं खोटं मी लिहिलं, खिंड मी बंद केली, मला माहीत नव्हतं, मी धाकटा, असं लिहिलं. पाठवलं, आणि टेबलावर डोकं टेकलं. बायकोने त्याच्या पाठीवर हात ठेवला. सात आठवड्यांत तो पहिल्यांदा रडला, आणि रडताना त्याच्या घशातून येणारा आवाज थोरल्याच्या खोकल्यासारखा होता, हे दोघांनाही ऐकू आलं.

उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी आलं. बाईंनी लिहिलं होतं की त्यांचे यजमान टेलिफोन खात्यात रात्रपाळीला असत, म्हणून घुबड. शेवटच्या आजारात ते सांगत आणि बाई त्यांच्या वतीने डाव खेळत. ते गेले त्या आठवड्यात तळमजल्याचा डाव आला होता. कळवायला बसल्या, पण लिहवेना, म्हणून डावच खेळून पाठवला. पुढे सवयच झाली. खेळ त्यांना तेव्हाही कळत नव्हता, आताही कळत नाही, आणि खरं सांगायचं तर कधी आवडलाही नाही. 'पण ते एकटे होते. डाव गेला नाही तर त्यांना वाईट वाटेल असं वाटायचं. त्यांना आवडायचा ना हो हा खेळ?'

खाली आणखी एक ओळ होती. 'गुडघ्याचं मला सांगायचे. एकदा लिहिलं होतं, धाकट्याला सांगत नाही, तो उगाच रजा टाकून येईल.'

धाकट्याने ही ओळ पुन्हा पुन्हा वाचली. आपण रजा टाकून गेलो असतो का, ह्याचं उत्तर त्याला येत नव्हतं. रजा त्याच्या नावावर एकोणीस दिवस शिल्लक होती. थोरल्याने मात्र तो येणार असंच धरून चाललं होतं.

वही उघडीच होती. सहा कंटाळे समोर दिसत होते. बायकोने त्याच्याकडे पाहिलं.

'जीव होता त्याचा ह्या खेळावर,' धाकट्याने लिहिलं.

आता एवढा शेवटचा डाव उरला होता. बाईंची शेवटची तुकडी उपाशी होती आणि खेळ विजेत्याने 'डाव संपला' म्हटल्याशिवाय मिटत नव्हता. पुढे चालू ठेवू या का, असं धाकट्याने विचारून पाहिलं. नव्याने मांडू, खिंड उघडी ठेवून. बाईंनी लिहिलं की नको, त्यांना आता संध्याकाळी जरा फिरायला जायचं आहे, तीन वर्षं जाणं झालं नाही. मग त्यांनी आभार मानले, भावाच्या वतीने स्वीकारा म्हणाल्या.

धाकट्याने बायकोला हाक मारली. ती हात पुसत आली. त्याने बटण दाबलं. तुताऱ्या वाजल्या, डोंगरांवरून पाखरं उडाली, बुटक्यांनी टोप्या हवेत फेकल्या, आणि पडद्यावर सोनेरी चौकट आली.

विजेता: तळमजला. डाव: ४२०. कालावधी: तेरा वर्षं, दोन महिने. दर्जा: नवशिका.